सारून मिंगची चुंबळ

सारून मिंगची आणि माझी ओळख चपलांवरून झाली. मी प्रांताच्या इस्पितळात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्या दिवशीची ड्यूटी संपवून वॉर्डाच्या दाराशी आले, तर बाहेर काढून ठेवलेल्या माझ्या चपला गायब. शोधून शोधून दमले. शेवटी एक जाडजूड बाई औषधांच्या कपाटातून त्या काढून माझ्यापुढे नाचवत म्हणाली, "अगं, तू नर्स होय? मला वाटलं सात नंबरच्या म्हाताऱ्याची सून पळून चाललीय. बरं, आता सापडलीच आहेस तर त्याला डाव्या कुशीवर कर आणि मग जा."

हीच सारून मिंग. मिंग म्हणजे मावशी. अख्खं इस्पितळ तिला मिंगच म्हणायचं, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

आमच्याकडे रोग्याला भरवणं, पुसणं, वळवणं हे सगळं घरची माणसं करतात. बेचाळीस खाटा आणि आम्ही चार नर्स, आम्ही सुया टोचायच्या की माणसं उलथायची? पण घरच्या माणसांचा एक गुण आहे. रोग्याला वळवायची वेळ झाली की त्यांना नेमक्या घरच्या कोंबड्या आठवतात. म्हणून मिंग सकाळी आल्या आल्या दाराबाहेरच्या निम्म्या चपला गोळा करून कपाटात कोंडायची. रोगी वळवला की चपला परत. एकदा याची तक्रार झाली आणि संचालक स्वतः चौकशीला आले. चौकशी करून निघाले, तर त्यांचेच बूट नाहीत. त्यांनी बारा नंबरला वळवल्यावर बूट मिळाले असं सांगतात. मी पाहिलं नाही, पण मिंगने कधी नाकारलंही नाही.

तिचं शिक्षण म्हणाल तर नऊ महिने. शिकलेल्यांना वेचून मारणारा तो वाईट काळ संपला तेव्हा देशात शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. ज्याला लिहिता येतं त्याला मास्तर करा, जिला रक्त बघून चक्कर येत नाही तिला नर्स करा, असा तो मामला होता. मिंगला चक्कर येत नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होतो, पाठीला, टाचेला भोक पडतं, हे तिला शिकवलं होतं. ते पडू नये म्हणून काय करायचं, हा धडा मात्र राहून गेला, कारण त्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनाच मलेरिया झाला.

मग मिंगने स्वतःच शोध लावला, तो चुंबळीचा. क्रामा म्हणजे आमचा चौकड्यांचा पंचा. तो आम्ही डोक्याला बांधतो, कमरेला गुंडाळतो, त्यात पोर झोपवतो, भाजी आणतो. बायका डोक्यावर घडा घेताना त्याचीच चुंबळ वळतात. मिंग तशीच चुंबळ रोग्याच्या माकडहाडाखाली ठेवायची. हाड मधल्या पोकळीत, म्हणजे अंथरुणाला टेकायलाच नको. बघणाऱ्याला पटावं असंच ते होतं. तिने ती मला शिकवली, मी दुसऱ्यांना शिकवली. वॉर्डातल्या सात-आठ खाटांवर कायम चुंबळी असायच्या, आणि आपल्या वॉर्डाची शान म्हणून आम्ही त्या पाहुण्यांना दाखवायचो.

त्यात एक दिवस राजधानीहून विरक आला. वय सव्वीस, पदवीधर नर्स, चेहरा धुतलेल्या बशीसारखा. आमच्याच वॉर्डात त्याची नेमणूक झाली. येताना तो प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा घेऊन आला होता. बेडसोर टाळण्याविषयी नर्सांना किती कळतं, याची त्याला पाहणी करायची होती.

"आणि तुला किती कळतं याची पाहणी कोण करतंय?" मिंगने विचारलं.

"ती झाली, मिंग. तिचीच पदवी मिळाली."

पोरगा मऊ होता, पण मचूळ नव्हता. मिंगने त्याच क्षणी त्याचं नाव मास्तर ठेवलं.

सव्वीस प्रश्न होते. आम्ही सगळ्या जेवणाच्या खोलीत परीक्षेला बसलो. मिंग दर प्रश्नाला मोठ्याने बोलायची, म्हणजे बाकीच्यांना कॉपी करायला त्रास पडू नये. "लाल झालेली जागा चोळावी. बरोबर. चोळू नाही तर काय ओवाळू?" सगळ्यांनी बरोबरवर खूण केली. चौदावा प्रश्न आला. गोल कड्यासारखी उशी खाली दिल्याने बेडसोर टळतो, बरोबर की चूक? मिंगने 'बरोबर'वर एवढ्या जोराने खूण केली की कागद फाटला.

निकाल लागला. मिंगला सव्वीसपैकी नऊ. मला दहा, म्हणजे आमच्या दोघींत विद्वान मीच. पण मिंगला नऊचं काही वाटलं नाही, तिला चौदावा लागला.

"बावीस वर्षं माणसं माझ्या चुंबळीवर झोपताहेत, मास्तर."

"आणि त्यांतल्या किती जणांना जखमा झाल्या?"

"झाल्या त्यांना नशिबाने झाल्या."

"मिंग, बोटाला दोरा घट्ट बांधला की पुढचं बोट काळं पडतं ना? तसंच आहे हे. मधलं हाड टेकत नाही, पण कड चहूबाजूंनी आवळते. मग आत रक्तच पोचत नाही."

"बायकांच्या डोक्यावर चुंबळीवर घडा असतो. कुणाचं डोकं सडलेलं पाहिलंस?"

"घडा घेऊन बाई दोन महिने उभी राहत नाही, मिंग."

आम्ही हसलो, आणि ते चुकलं. मिंग तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी विरकच्या चपला नाहीशा झाल्या आणि त्याच्या मोटारसायकलीच्या सीटवर एक नवीकोरी चुंबळ ठेवलेली सापडली. आता वाटतं, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

मग छिम आला.

छिम म्हणजे ताडावर चढणारा. दिवसाला वीस ताड चढून रस उतरवणारा माणूस. हंगामाच्या ऐन भरात बांबूची शिडी सुटली आणि तो पडला. राजधानीत त्याच्या कण्यात सळ्या घातल्या, पण कमरेखालचं सगळं गेलं ते गेलंच. तिथून त्याला आमच्याकडे पाठवलं, ते फक्त थांबायला. पुनर्वसन केंद्रात त्याचा नंबर तीन आठवड्यांनी होता. तिथे चाकाची खुर्ची मिळणार होती, आणि त्या खुर्चीत बसून कसं जगायचं ते शिकवणार होते. अट एकच, अंगावर बेडसोर नको. गाडीबरोबर त्यांची नर्स येणार, अंग तपासणार. डाग दिसला तर नंबर दुसऱ्याला, आणि आपला पुन्हा सहा-आठ महिन्यांनी.

ते सहा-आठ महिने छिम घरी बांबूच्या फरशीवर कसे काढेल, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. असे गेलेले परत आलेले आम्ही पाहिले होते. आणि परत न आलेलेही.

त्याची बायको सावी चिमणीएवढी. ती एकटी त्याला काय वळवणार? सळ्या घातलेला कणा, तिघांनी मिळून ओंडक्यासारखा एका दमात वळवायला हवा, तोही दर दोन तासांनी. दोन दिवस आम्ही कशीबशी ओढाताण केली. तिसऱ्या दिवशी मिंग व्हरांड्यात गेली. तिथे इतर रोग्यांचे भाऊ, मेहुणे, जावई दिवसभर पत्ते कुटत बसायचे. मिंगने त्यांचे पत्ते उचलले आणि चालू लागली.

"मिंग, पत्ते!"

"चला माझ्याबरोबर. आजपासून अड्डा आत, छिमच्या खाटेशी. मी डब्यावर चमचा वाजवला की डाव थांबायचा. त्या वेळी जो जिंकत असेल त्याने बसायचं, बाकी तिघांनी उठून छिमला वळवायचं."

"आणि नाही वळवलं तर?"

"तर अनवाणी घरी जा."

असा तो कारभार सुरू झाला, आणि काय सांगू, इतका सुरळीत कारभार आमच्या इस्पितळात ना आधी झाला ना नंतर. माणसं वळवायला कुरकुरत नव्हती, हरायला कुरकुरत होती. छिम आडवा पडून एकाचे पत्ते दुसऱ्याला सांगायचा, त्यामुळे ज्या कुशीला त्याचं तोंड त्या बाजूचा हमखास हरायचा. "मला आता उजवीकडे करा रे, ह्याचे सगळे बघून झाले," असं तो म्हणायचा. छिम पडल्यापासून पहिल्यांदा सावी हसताना दिसली. विरक सुरुवातीला नाक मुरडत होता. चार दिवसांनी तोही पाय दुमडून डावात बसला आणि आठपैकी सात वेळा हरला. पदवीत पत्ते शिकवत नाहीत.

फक्त एक गोष्ट होती. प्रत्येक वेळी त्याला पाठीवर आणलं की मिंग स्वतः येऊन छिमच्या ढुंगणाखाली चुंबळ सारायची. विरक बघायचा आणि ओठ मिटून घ्यायचा. मी बघायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. मला दहा गुण होते, पण हिंमत नऊचीही नव्हती.

बाराव्या दिवशी संचालक अचानक फेरीला आले. वॉर्डात जुगार चालतो असं कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. चौघांनी हातचे पत्ते छिमच्या चादरीखाली कोंबले आणि चौघेही त्याचे पाय दाबू लागले. संचालक गहिवरले. "अशी माया हवी!" म्हणाले, आणि या वेळी बूट हातात धरूनच परत गेले.

पत्ते बाहेर काढले, डाव पुढे सुरू झाला. पुढच्या वळवणीला चादर सरकली, तर छिमच्या मांडीखाली बदामाची सत्ती. मोजायला विसरले होते. छिमला कमरेखाली काही कळायचंच नाही. पत्ता दोन तास तिथेच रुतून बसला होता. उचलला, तर मांडीवर सुरीने आखावी तशी लाल रेघ.

मिंगचा पारा असा चढला की बेचाळीस खाटा गप्प झाल्या. "आंधळ्यांनो! माणूस आहे की टेबल? एवढ्याशा पत्त्याची कड, पण कातडी जाते तिने! दोन तास कड रुतली की आतलं मांस मरतं, कळतं का? कड ती कड!"

विरक छिमचे खांदे धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मिंग, पत्त्याच्या कडेने जाते, मग चुंबळीच्या कडेने?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता हा पोरगा मार खाणार. मिंगने त्याच्याकडे पाहिलं, मग छिमच्या खालची चुंबळ एका हाताने उपसून काढली. हातच्या काकणाला आरसा कशाला? माकडहाडाभोवती अख्खं लाल कडं उमटलं होतं. पंच्याची वीणसुद्धा मोजता येत होती.

तिने त्या लालीवर बोट दाबलं आणि उचललं. जिथे दाबलं तिथे क्षणभर पांढरं दिसायला हवं. दिसलं नाही. लाल ते लालच राहिलं, म्हणजे बेडसोरची सुरुवात. तिने पुन्हा दाबलं, दुसरीकडे दाबलं. त्या प्रश्नपत्रिकेत हाही प्रश्न होता, आणि तिच्या नऊ बरोबर उत्तरांपैकी हे एक होतं. गाडी यायला नऊ दिवस राहिले होते.

सावीने विचारलं, "मिंग, काय झालं?"

मिंग चुंबळ घेऊन निघून गेली.

मागच्या नळावर ती मला सापडली, भर दुपारी. ती चुंबळ सोडवायचा प्रयत्न करत होती. बावीस वर्षांचा पंचा, पीळ बसून लाकडासारखा झालेला. तो काही सुटत नव्हता.

"चेंडा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही पहिली चुंबळ मी कुणासाठी वळली, माहितीय?"

मला माहीत नव्हतं.

"आईसाठी. वारं अंगावरून गेलं तिच्या. अकरा महिने पडून होती. मी नर्स, मग शेजारणी विचारायच्या, आता काय करणार? मी हीच वळली आणि खाली ठेवली. पाठीला भोक पडलं तेव्हा आणखी एक वळली, जाड. ती ओरडायची तर मी तिला दटावायचे. म्हणायचे, आई, हे तुझ्या भल्यासाठी आहे, गप पड." तिने नळ पुरता सोडला. "नशीब म्हटलं मी. बावीस वर्षं नशीब म्हणत आले. तो कालचा पोरगा म्हणतो चूक, आणि मी कसं म्हणू गं चूक?"

मी पंच्याचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं. आम्ही दोघींनी मिळून तो पीळ सोडवला. मला रडू आलं, तिला आलं नाही. ती म्हणाली, "रडायला वेळ आहे होय? नऊ दिवस आहेत."

तिने तोंडावर पाणी मारलं आणि वॉर्डात येऊन चमच्याने डबा बडवला.

"ऐका सगळे! बावीस वर्षं मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. चुंबळ वाईट. ज्याच्या-ज्याच्या खाली आहे त्याने आत्ता काढा. लाल जागा चोळायची नाही. आणि कुणी मला 'मिंग, तुम्हीच तर सांगितलं होतं' असं म्हटलं, तर त्याच्या चपला मी नदीत टाकीन!"

पडली तरी नाक वर. पण मी तरी आमच्या इस्पितळात 'मी चुकले' हे कुणा वरच्या माणसाच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

ती स्वतः खाटोखाट फिरली. सात चुंबळी निघाल्या. मग विरकसमोर खुर्ची ओढून बसली. "हं, मास्तर. ते सव्वीसही सांग. सावकाश सांग. आणि मान वर करून बघू नकोस, मला लाज वाटते."

पुढचे नऊ दिवस छिमची पाठ अंथरुणाला टेकली नाही. डावी कूस, उजवी कूस, तीही अर्धवट तिरकी, पाठीमागे उशीचा टेकू, पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी. चमचा आता दोन तासांऐवजी दीड तासाने वाजायला लागला. पत्तेवाल्यांपैकी दोघांचे रोगी बरे होऊन घरी गेले, पण ते दोघे खेळायला येतच राहिले. सावी त्याला रोज अंडी आणि भाजलेला मासा भरवायची. तो म्हणायचा, "बस गं, मी काय अंडी घालणार आहे?" मिंग दिवसातून दहादा चादर वर करून बोट दाबायची. छिम वैतागला. "मिंग, मी काय पिकायला ठेवलेला आंबा आहे?"

"आहेस. नासलास तर तुझ्यासकट मला फेकतील."

पाचव्या दिवशी तिचं बोट जिथे दाबलं तिथे किंचित पांढरं उमटलं. तिने विरकला हाक मारली. विरकने दाबलं. मला दाबायला लावलं. पत्तेवाल्यांनी रांग लावली, पण मिंगने त्यांना हाकललं.

नवव्या दिवशी गाडी आली. केंद्राची नर्स चष्मा लावून छिमच्या अंगावर तीळ शोधावा तशी फिरली. टाचा, घोटे, कंबर पाहून झाली, मग माकडहाडाशी थांबली. फिकट गुलाबी सावली उरली होती. तिने बोट दाबलं. सावी माझ्या दंडात नखं रुतवून उभी होती. मिंग भिंतीकडे तोंड करून औषधाच्या बाटल्या मोजत होती, एकच बाटली पुन्हा पुन्हा.

"पांढरं होतंय," बाई म्हणाली. "कातडी शाबूत आहे. चांगली काळजी घेतलीत. कुणाच्या हाताखाली होता?"

मिंग वळली नाही. "ह्या मास्तरच्या," ती म्हणाली.

"खोटं बोलतात त्या," विरक म्हणाला. "त्यांच्याच."

मग त्या दोघांचं भांडण जुंपलं, आणि गाडी सुटेपर्यंत चाललं होतं. केंद्राची नर्स जायला निघाली तेव्हा तिच्या चपला सापडल्या नाहीत. जुनी सवय.

पाऊस सरता सरता प्चुम बेन आलं. आमचा पितरांचा पंधरवडा. शेवटच्या दिवशी दुपारी मी मिंगबरोबर तिच्या गावच्या विहारात गेले. भिक्खूंची जेवणं झाली होती. पुढे मृतांच्या नावांची यादी वाचणं चाललं होतं. यादी लांब, गाव जुनं. मिंग पाय एका बाजूला दुमडून, हात जोडून बसली होती. खांद्यावर तोच पंचा, धुतलेला, सपाट घडीचा. पण बावीस वर्षांचा पीळ काही पुरता जात नाही, वळ्या दिसत होत्या.

मागून चाकं करकरली. छिम. सावी खुर्ची ढकलत होती, आणि छिमच्या मांडीवर ताडगुळाची पुरचुंडी होती. पाच कोसांवरून तो मुद्दाम आला होता. आमच्याशेजारी येऊन थांबला. थोड्या-थोड्या वेळाने तो दोन्ही हातांवर जोर देऊन अख्खं धड खुर्चीतून वर उचलायचा, जरा थांबायचा आणि पुन्हा टेकायचा. ताड चढणारे हात, त्यांना ते काय जड? केंद्रात त्याला पहिली गोष्ट हीच शिकवली होती.

मिंगच्या आईचं नाव आलं. मिंगची हनुवटी हलली. पुटपुटली ते मला ऐकू आलं. "आई, ते माझं चुकलं गं. तुला किती दुखलं असेल. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही." मग तिने पंच्यात तोंड खुपसलं. नळावर आलं नव्हतं ते रडू तिला आता आलं. नावं पुढे सरकली, यादी संपत आली, तरी ती तशीच बसून होती.

छिम खुर्चीतून वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "मिंग, तासभर एकाच कुशीवर आहात. डाव हरलात. उठा, कूस बदला."

मिंगने नाक पुसलं, डोळे पुसले, त्याच्या नसलेल्या चपलांना एक शिवी घातली, आणि मुकाट्याने दुसऱ्या बाजूला पाय घेऊन बसली.